लोट्यातलं मीठ

१ नोव्हेंबर १९५६, गुरुवार

काल निजलो मध्यप्रदेशात, आज उठलो मुंबई राज्यात, आणि मधल्या वेळात मी कूससुद्धा बदलली नव्हती. दिग्रसच्या बाजारात पेढे वाटत होते. एक खाल्ला, फुकटचा होता. पण मनात आलं, बोलीवरून राज्यं आखायची म्हणतात, तर आम्ही गोर लोकांनी, म्हणजे बंजाऱ्यांनी, कुठं उभं राहायचं? आमची बोली राजस्थानापासून तेलंगणापर्यंत तांड्या-तांड्यात बोलतात आणि एकाही कचेरीत बोलत नाहीत.

अडत्याच्या दुकानातली कारकुनी मी आजपासून सोडली. भावसिंग राठोड, आपल्या तांड्यातला पहिला मॅट्रिक, दुसऱ्याच्या कापसाची वजनं मांडत म्हातारा होणार नाही. माझा आतेभाऊ रामधन पुसदहून बातमी घेऊन आलाय. तिथं आपल्या लोकांनी 'गोर पंचायत पक्ष' काढलाय आणि येत्या निवडणुकीत दिग्रस भागातून मला उभं करायचं म्हणतात. ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्या माणसाला जातं, मग गोराचं मत गोरालाच का जाऊ नये?

बायकोला, सुखीला, हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अरदासीत तं आपण गोराचं भलं मागतो, कोराचं भलं मागतो, किडामुंगीचंई मागतो. मतातच काहून फकस्त गोराचं?"

कोर म्हणजे जो गोर नाही तो, मग तो कुणीही असो. मी म्हटलं, अरदास वेगळी आणि राजकारण वेगळं. तिनं भाकरी उलटली. या बाईला वीस वर्षांत एक गोष्ट सरळ पटली असेल तर शपथ.

२३ डिसेंबर, रविवार

तिकीट पक्कं झालं. निशाणी कंदील. चांगली आहे, अडाण्यालाही ओळखू येते.

समोर मोठा पक्ष आहे, त्याची बैलजोडी. आणि तिसरा उभा राहिलाय शब्बीर, दिग्रसच्या जिनिंगमधला फिटर, अपक्ष, निशाणी शिडी. शब्बीर आज तांड्यात आला तो थेट माझ्याच घरी चहाला. त्याची आई खातूनबी सोबत होती. ही खातूनबी दाई. आमची मुलगी, आता सासरी असते ती, पायाळू जन्माला आली तेव्हा दोन दिवस आणि दोन रात्री सुखीच्या उशाशी हीच बसली होती. आपले लोक तेव्हा बाहेर सरणाची लाकडं जमवायला लागले होते, हे मीही विसरलेलो नाही. तेव्हापासून सुखी तिला 'याडी' म्हणते. कोर बाईला आई म्हणायचं, तेही उमेदवाराच्या बायकोनं! मी नजरेनं दटावलं, पण तिनं पाहिलंच नाही.

शब्बीर म्हणाला, "भावसिंगभाऊ, तुमचा कंदील तांड्यात उजेड करन, हे कबूल. पण तांड्याबाहेरच्यायनं काय अंधारात राहाचं?"

मी म्हटलं, "तू तुझ्या मोहल्ल्याची मतं घे, मी तांड्यांची घेतो. भांडण कशाला?"

तो हसत सुटला. "मोहल्लाच तं मत देत नाई ना मले! म्हणते, हा आपल्या कौमची गोष्टच करत नाई, कापसाच्या भावाचीच करते."

निघताना खातूनबीनं सुखीचा हात धरला आणि म्हणाली, "बेटी, मैं कुछ माँगने नहीं आई." सुखी म्हणाली, "याडी, तुनं कधीच काई मांगतलं नाई." बायकांचं काय चाललं होतं मला कळलं नाही. मतांची भीक मागायला आली नव्हती एवढं बरं.

१४ जानेवारी १९५७, सोमवार

काम फत्ते झालं.

काळजी बैलजोडीची होती. आमच्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले. बैल आम्हाला देव. या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असते, पेटीवर निशाणी चिकटवलेली. पडद्याआड जायचं आणि आपल्या पेटीत चिठ्ठी टाकायची. आता बैलाचं चित्र समोर दिसल्यावर आमची म्हातारी माणसं हात जोडून चिठ्ठी तिथंच टाकतील, हे मी अगोदरच ओळखलं होतं. रामधन म्हणाला, देवाला देवच आडवा घालावा लागतो. मिठाचा लोटा काढा.

ही शपथ आमच्यात जुनी. लोट्यात पाणी घ्यायचं, प्रत्येकानं आपल्या हातानं मीठ सोडायचं आणि म्हणायचं, मी फिरलो तर या मिठासारखा विरघळून जाईन. चोरी, खून, सोयरीक अशा गोष्टींसाठी काढतात. मतासाठी कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. आमचा नायक, म्हणजे तांड्याचा मुखिया, धावजी म्हातारा आहे, तो कां-कूं करायला लागला. "भावसिंग, हे मीठ मोठं कडक असते. मत आज देलं, उद्या इसरलं. शपथ नाई इसरत." मी म्हटलं, विसरू नये म्हणूनच काढतोय.

शेवटी त्यानं आपल्या घरचा पितळी लोटा आणला, मीठ लादायच्या काळातला. तांड्याच्या मधल्या मैदानात सगळे आले. बाया मत देतात, म्हणून बायांनाही बोलावलं. एकेक जण पुढं येऊन मीठ सोडत गेला, आणि माझा ऊर भरून आला. हीच ती एकी. पंचायतीत, लग्नात, मयतीत कधी न दिसलेली.

सुखी सगळ्यांत शेवटी आली. तिची मूठ काही उघडेना. रामधन म्हणाला, "वैनी, सोड ना." तेव्हा तिनं सोडलं. बाकीच्यांचं मीठ केव्हाच दिसेनासं झालं होतं. तिचं मात्र तळाशी पांढरं बसून राहिलं. धावजी बराच वेळ लोट्यात पाहत होता. मी म्हटलं, थंडीचं पाणी आहे, विरघळेल सावकाश.

लोट्याच्या तोंडाला फडकं बांधून तो माझ्या घरी भिंतीतल्या देवळीत ठेवलाय. पाणी गळ्याच्या खाली आहे.

६ मार्च, बुधवार

आज मतदान. पोलिंग तांड्याच्या शाळेत होतं, फक्त आपल्याच तांड्याचं. आपली माणसं नवे कपडे घालून आली होती. म्हाताऱ्यांनी पेटीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. अधिकारी नागपूरकडचा, तो कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, साहेब, यांना लोकशाहीचं दर्शन झालंय, जरा पाया पडू द्या.

सुखीला पडद्याआड फार वेळ लागला. बाहेर आली तेव्हा ओढणीचं टोक ओलं होतं. ऊन फार आहे. म्हटलं, कंदील दिसला ना? म्हणाली, "सगळं दिसलं."

११ मार्च, सोमवार

यवतमाळला मोजणी झाली. हरलो. थोडक्यात नव्हे, सपाटून. बैलजोडीनं दोघांनाही तुडवलं. पुसदच्या पुढाऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि बसला गर्दी होते म्हणून लवकर निघून गेले.

पण मला ते लागलं नाही. लागलं ते वेगळंच. पेट्या गावानुसार उघडत होते आणि मी टेबलापाशी उभा होतो. आपल्या तांड्याची कंदिलाची पेटी कुंकवासकट भरभरून निघाली. बैलजोडीची रिकामी. मी छाती पुढं काढली. मग शिडीची पेटी उघडली आणि तिच्यात एक चिठ्ठी होती.

एकच. ती ओली होती. कारकुनानं ती उचलली, बोटं झटकली आणि म्हणाला, इतक्या दिवसांत ही वाळली कशी नाही? त्यानं ती उन्हात धरली. गठ्ठा बांधायची वेळ आली तरी ओलीच होती.

शब्बीर माझ्या शेजारी उभा होता. त्याचं डिपॉझिट गेलं होतं, तरी माझंच सांत्वन करायला लागला. "जाऊ द्या ना भाऊ. एका चिठ्ठीनं काय होते?" ज्याच्या पेटीत माझ्या तांड्याची चिठ्ठी पडली त्याच्याशी काय बोलणार?

२ एप्रिल, मंगळवार

कोण असेल? खाता-पिता दुसरा विचार नाही. रामधनचं म्हणणं, आपल्याच तांड्यातला हिरासिंग. त्याची सायकल शब्बीर फुकटात दुरुस्त करून देतो. आज पंचायत बसवली. हिरासिंग रडला, देवाची आण घेतली, मुलांच्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, शपथ मोडणाऱ्याला दुसरी शपथ घ्यायला काय जड? हुक्का-पाणी बंद केलं. धावजीचं मन नव्हतं, पण पंचायत माझ्या बाजूची होती.

पंचायत चालू असताना एक विचित्र गोष्ट झाली. सुखी बायकांत बसली होती. धावजीची शेळी आली आणि तिचा हात चाटायला लागली. हाकलली तर दुसरी आली. सुखी उठून गेली, तर शेळ्या ती बसली होती ती जमीन चाटत राहिल्या. लोक माझं बोलणं सोडून तिकडंच पाहत होते. सभेची शिस्त म्हणून आपल्याकडे नाहीच.

रात्रीचं वरण खारट झालं. म्हटलं, लक्ष कुठं असतं तुझं? सुखी म्हणाली, "मी आज मीठ टाकलंच नाई." खोटं बोलायचीही एक रीत असते.

१९ मे, रविवार

हिरासिंग बायकापोरं घेऊन बोरी अरबला मेहुण्याकडे निघून गेला. जाताना कुणाशी बोलला नाही. पळाला, म्हणजे गुन्हा कबूल. रामधन खूश आहे. मला मात्र झोप लागत नाही. हिरासिंग फिरला असेल, तर शपथेप्रमाणं तो मिठासारखा विरघळायला हवा होता. माणूस चांगला धडधाकट गेला.

आज देवळीतल्या लोट्याचं फडकं काढून पाहिलं. ऐन मे महिन्यात रांजणाचं पाणी तळाला जातं, पण लोट्यातलं पाणी वर चढलंय. गळ्यापर्यंत आलंय. तळाचं मीठही आता दिसत नाही. आधी भ्यालो, पण मग वाटलं, ही शपथेची ताकद. एकी वाढते आहे. रामधनला दाखवलं, त्यानं लोट्याला नमस्कार केला.

सुखीच्या दंडातल्या बांगड्या सैल झाल्यात, कोपरापर्यंत उतरतात. उन्हाळ्यात बायका खात नाहीत.

३० जुलै, मंगळवार

सुखीला यवतमाळला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. छाती साफ आहे. काही नाही म्हणाले, रक्त कमी आहे, खाऊ घाला. तिच्या पोलक्याच्या पाठीवर घामाच्या जागी पांढरे पट्टे उमटले होते, ते त्यांनी बोटानं खरवडून पाहिले. मग मला विचारलं, ही काय खाणीत काम करते?

बसमध्ये तिला खिडकीशी बसवलं. पाऊस आत यायला लागला तशी ती एकदम घाबरून माझ्या अंगावर सरकली. "पानी नका लागू देऊ." मी छत्री धरली. तिचा हात हातात घेतला तेव्हा तो मला लहान मुलीच्या हाताएवढा वाटला. लग्न होऊन आली तेव्हा ती घागर भरून एका हातानं उचलायची. खूप वाईट वाटलं. तिला काही झालं तर मी या घरात दोन दिवस राहू शकणार नाही, हे तिला सांगावंसं वाटलं, पण बसमध्ये माणसं होती.

ती आता अरुणावतीवर आंघोळीला जात नाही. गेल्या महिन्यात गेली होती त्या दिवशी खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्या बायका म्हणाल्या, आज नदी खारट लागते. बायकांना निमित्तच हवं असतं.

८ सप्टेंबर, रविवार

धावजी घरी आला. बसला, देवळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "भावसिंग, थो लोटा बाहेर काढ. झाडाच्या बुडाशी ओतून दे आन् सगळ्यायले मोकळं कर. ज्यानं शपथ घ्याले लावली त्यानंच सोडली तं सुटते."

"ज्यानं मोडली त्याचं नाव कळू द्या, मग ओततो."

"नाव कायले पाह्यजे तुले?"

मी त्याला नीट समजावलं. पुढल्या वर्षी पुसदला पक्षाचं मोठं अधिवेशन आहे. आमचा तांडा एकजुटीचा नमुना म्हणून दाखवायचाय. एक भोक ठेवून मडकं कसं दाखवू? आज एकाला सोडलं तर उद्या प्रत्येक जण मनाला येईल त्या पेटीत टाकेल. मग गोर म्हणून आपण उरलो कुठं?

धावजी म्हणाला, "आपण मीठ घेऊन निंगत होतो तं सगळ्याच गावात जात होतो. एखाद्या गावाले म्हणलं काय कधी, का तुमी आपले नाई, तुमाले मीठ देत नाई?" मग माझ्या पायाला हात लावायला वाकला. नायक माझ्या पाया पडतो! मी त्याला उचललं, पण लोटा दिला नाही.

तो गेल्यावर सुखी भिंतीला धरून बाहेर आली. म्हणाली, "मी एक इचारू? ज्यानं थे चिठ्ठी टाकली, त्यानं येऊन सांगतलं तं तुमी माफ कराल?"

मी म्हटलं, "माफ? पंचायतीत उभा करीन, तोंड काळं करीन आणि तांड्याबाहेर काढीन. सख्खा भाऊ असला तरी."

"आन् तुमाले दुख नाई होनार?"

"होईल. पण करीन."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. ती भिंतीला जिथं टेकली होती तिथं पांढरी खूण उमटली आहे, मिठागरासारखी. पोतेरं फिरवलं तरी सकाळी पुन्हा वर येते.

१० नोव्हेंबर, रविवार

लोट्याचं फडकं आता ओलं झालंय. पाणी काठाला लागलंय.

रामधननं उपाय काढला. अधिवेशनाआधी सोक्षमोक्ष लावू. शपथेचं पाणी ज्यानं शपथ पाळली त्याला बाधत नाही. ज्यानं मोडली त्याच्या पोटात ते गेलं तर उरलंसुरलं विरघळतं, असं जुने लोक म्हणतात. सगळ्यांना मैदानात बोलवायचं आणि एकेक घोट प्यायला लावायचा. जो पिणार नाही तो चोर. पुढच्या रविवारी करायचं ठरलं. माझं मन एकदा कचरलं, पण मग वाटलं, खऱ्याला भीती कसली?

सुखीला सांगितलं. ती खाटेवरून क्वचितच उठते. काल अंथरूण झटकायला तिला उचललं तेव्हा चादरच हातात आली असं वाटलं.

खातूनबी दोनदा आली होती म्हणे. मी दारातून परत पाठवली. निवडणूक संपली तरी यांची मतं मागणं संपत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी मैदानात सगळा तांडा जमला. मी लोटा मधे पाटावर ठेवला. एका अंगाला पिणारे उभे राहतील, दुसऱ्या अंगाला कडुनिंबाखाली न पिणारा, असं सांगितलं. सुखीला दोन बायकांनी धरून आणलं आणि माझ्या उंबऱ्यापाशी बसवलं.

पहिला मान नायकाचा. धावजी लोट्यापाशी आला, मला हात जोडले आणि म्हणाला, "मी पीत नाई." आणि जाऊन कडुनिंबाखाली उभा राहिला.

धावजी? पण मी विचार करायच्या आत त्याची म्हातारी उठली आणि त्याच्या शेजारी गेली. मग त्याचे मुलगे. मग शेजारच्या तेजाच्या घरची माणसं, मग पलीकडच्या ओळीतली घरं. कुणी लोट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तान्ही मुलं कडेवर घेऊन बायका गेल्या. मी ओरडत होतो, एकेक नाव घेत होतो. तू? तूही? गद्दारांनो, अक्षता टाकून आलात ना कंदिलावर! शेवटी रामधनची आई काठी टेकत निघाली. रामधन तिच्याकडे पाहत राहिला, मग मान खाली घालून तिच्या मागं गेला.

पिणाऱ्यांच्या अंगाला कुणीही नव्हतं. सगळा तांडा कडुनिंबाखाली, इतका दाटीनं उभा की मधून उजेडही दिसत नव्हता. आणि इकडे मी आणि उंबऱ्यात सुखी.

दोन बायका तिला न्यायला आल्या. तिनं मला विचारलं, "मी जाऊ काय तिकडं?"

मी म्हटलं, "नाही. सगळं जग फिरलं तरी माझं घर फिरलेलं नाही, हे यांना दिसू दे. तू पी."

ती माझ्याकडे पाहत होती. एवढ्या महिन्यांत तिनं मला असं निरखून पाहिलं नव्हतं. म्हणाली, "तुमाले थेच पाह्यजे काय?"

"हो."

"मंग तुमच्याच हातानं द्या."

धावजी तिकडून ओरडला, "भावसिंग, पाजू नको! तुले हात जोडतो, पाजू नको रे!" सगळ्या बाया एकदम रडायला लागल्या. मला त्याचा संताप आला. हरलेल्या माणसाचं एवढंही यांना पाहवत नाही. मी फडकं सोडलं आणि लोटा तिच्या ओठाला लावला. एक घोट पुरे होता. पण ती थांबली नाही. सगळा लोटा प्याली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि ओढणीनं तोंड पुसलं.

"झालं?" म्हणाली.

मी तिला आत नेऊन निजवलं. एक माणूस, पण माझं. ती शांत निजली आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सुखी गेली. काल सकाळी हाक मारली, तिनं ओ दिली नाही.

मी कुणाला बोलावलं नव्हतं. तरी सगळे आले. दिग्रसला जाऊन धावजीनं स्वतः खातूनबीला आणि शब्बीरला आणलं. बायकांनी आंघोळीचं पाणी तापवलं नाही. मी म्हटलं, रीत आहे, आंघोळ घालायला हवी. खातूनबी म्हणाली, "पानी नको लगाओ. इतनी-सी तो बची है." त्यांनी तिला कोरड्या कापडानं पुसलं. खांदा दिला तेव्हा मला वजन लागलं नाही. मी दोनदा मागं वळून पाहिलं, ती आहे ना म्हणून.

संध्याकाळी धावजी माझ्यापाशी बसून राहिला. मी विचारलं, "नायक, खरं सांगा. त्या दिवशी सगळे तिकडं उभे राहिलात. सगळ्यांनी शिडीत टाकली होती?"

"नाई गा. पेटीत एकच चिठ्ठी निंगाली, तूच तं सांगतलं. आमी सगळ्यायनं कंदीलच टाकला. आमची शपथ साबूत होती. घोट घेतला असता तं आमाले काईच झालं नसतं."

"मग प्यालात का नाही?"

"आमी प्यालो असतो तं एकच माणूस प्याचं उरलं असतं. त्याले मंग कोणाच्या आड लपवलं असतं?"

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"लेकरायलेई माहीत होतं, भावसिंग. शेळ्याईलेई. फकस्त तुलेच नव्हतं."

"मग मला सांगायचं होतं."

तो म्हणाला, "सांगतलं असतं तं तू काय केलं असतं?"

मला उत्तर माहीत होतं. सुखीलाही माहीत होतं. मीच तिला सांगितलं होतं, तिनं विचारल्यावर. मी लोट्यासाठी हट्ट धरला नसता, तिला कडुनिंबाखाली जाऊ दिलं असतं, नुसतं नाही म्हणण्याऐवजी हो म्हटलं असतं, तर ती आज असती. हे लिहिताना लाज वाटते, पण रडू त्याहून जास्त येतं.

धावजी उठला, तसा मीही त्याच्या मागं बाहेर आलो. मैदानात सगळे बसले होते, आपले लोक, खातूनबी, शब्बीर, कुणी वेगळं बसलेलं नव्हतं. हिरासिंगसुद्धा बोरी अरबहून आला होता. मला पाहून तो थोडा सरकला आणि त्यानं शेजारी जागा केली. मला बसता आलं नाही. मी उभाच राहिलो.